तळे राखणाऱ्याने पाणी चाखू नये
(एका विद्यार्थी वसतिगृहाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज आपल्यापुढे एका नव्या नियमाचा ठराव आहे. आपल्या पंचांनी संस्थेशी घरचा व्यवहार करू नये. करणे भागच पडले तर तो उघड सांगून, मतापासून दूर राहून करावा, असा हा नियम आहे. त्यावरून काही पंच रुसले आहेत. ‘आम्ही काय चोर आहोत?’ असे ते विचारतात. त्यांस उत्तर देण्याआधी आम्ही आमचीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांमागे आम्ही दुसऱ्या एका वसतिगृहाचे पंच होतो. मुलांची ज्वारी आमच्या मावसभावाच्या दुकानातून येई. भाव बाजाराचाच होता, निदान आम्हांस तसे वाटे. एके साली ज्वारी किडकी निघाली. स्वयंपाकीणबाई बोलल्या नाहीत, चिटणीस बोलले नाहीत. मुलांनी दोन महिने तीच भाकरी खाल्ली. कारण दुकान कोणाचे हे सर्वांस ठाऊक होते. शेवटी एका मुलाचा बाप, हाडाचा सुतार, आमच्या दारी येऊन तोंडावर बोलला तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही एक पैसा खाल्ला नव्हता. तरी आमच्या नात्याने सर्वांची तोंडे बांधली होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नाही. म्हणून हा नियम चोरांसाठीच आहे असे नव्हे. तो आमच्यासारख्या, स्वतःस प्रामाणिक समजणाऱ्या माणसांसाठी आहे.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण हसून बोलतो आणि गैरव्यवहारास जणू परवानगीच देतो. पण तळे कोणाचे? शेतकऱ्याने सुगीत दिलेली पायली, कुंभाराने, लोहाराने, चांभाराने दिलेला रुपया, ह्यांचे ते तळे आहे. राखणदाराची तहान भागविण्यास ते खोदलेले नाही.

हा प्रश्न जुना आहे. विलायतेत लंडनजवळ तेव्हा रमफर्ड नावाचे गाव होते. तेथील बाजाराचा मक्ता एका अज्ञान बालकासाठी एका विश्वस्ताकडे होता. मुदत सरली. मालक म्हणाला, बालकाच्या नावे मक्ता पुन्हा देणार नाही. तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे करून घेतला. वरवर पाहता त्यात काय वाईट? बालकास तो मिळणारच नव्हता! परंतु १७२६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की, मक्ता आणि त्याचा नफा बालकाचाच. जगातील इतर कोणीही तो मक्ता घ्यावा, विश्वस्ताने मात्र घेऊ नये. कारण ही वाट एकदा मोकळी केली, तर कोणता विश्वस्त दुसऱ्यासाठी मनापासून खटपट करील?

तेच तत्त्व आपल्या देशात १८८२ च्या विश्वस्त कायद्यात आले. तो खासगी विश्वस्तांपुरता आहे. सार्वजनिक संस्थांसाठी १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. आता त्यास महाराष्ट्राचे नाव लागले आहे. संस्थेची जमीन विकावयाची, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि घर वा इतर जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. हिशेब तपासून घ्यावे लागतात. पण आयुक्त काही आपल्या कोठीत येऊन ज्वारी चाळून पाहणार नाहीत! ते काम आपले आहे.

अमेरिकेत २००८ सालापासून धर्मादाय संस्थांच्या वार्षिक विवरणपत्रात विचारतात: असा लेखी नियम आहे काय? पंच दरसाल आपले संबंध जाहीर करतात काय? नियमाचा अंमल होतो काय? नियम करण्याची सक्ती त्यात नाही. पण उत्तर कोणासही वाचता येते. लाज हाही एक पहारेकरीच होय.

कोणी म्हणेल, ‘कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा कोणते असले नियम होते?’ खरे आहे. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने दिले. संस्थेतून घरी नेणारे ते घर नव्हते, घरातून संस्थेत आणणारे होते. परंतु प्रत्येक पंच भाऊराव नसतो, आणि प्रत्येक घरात लक्ष्मीबाई नसतात. म्हणून आपणांस नियम हवा.

तो साधा आहे. दरसाल प्रत्येक पंचाने आपले व आपल्या नातलगांचे दुकान, ठेका, जमीन, सावकारी ह्यांपैकी जे संस्थेशी लागू पडेल ते लिहून द्यावे. तो विषय निघाला की स्वतः उठून बाहेर जावे. नुसते गप्प बसणे पुरे नाही, कारण समोर बसलेल्या माणसाची भीड पडतेच. तो बाहेर गेला हे सभेच्या वहीत लिहावे. खरेदीआधी तीन ठिकाणचे भाव मागवावे. संस्थेचा पैसा पंचास किंवा त्याच्या आप्तास कर्जाऊ देऊ नये. नोकरीची जागा निघाली तर जाहीर करावी, आणि ज्याचा भाचा अर्जदार आहे त्या मामाने निवडीस बसू नये.

‘गावात दुकानच एक, तेही पंचाचे, मग काय करावे?’ तर त्याच्याकडूनच घ्यावे. मात्र तालुक्याच्या बाजारचा भाव वहीत टिपून, इतर पंचांच्या मताने घ्यावे, आणि माल पालकांपैकी दोघांनी तपासावा. नियम व्यवहार बंद करीत नाही, अंधार बंद करतो.

पंच मंडळींनो, ह्या नियमाने तुमची अब्रू जात नाही, राखली जाते. उद्या कोणी बोट दाखविले तर तुमच्या हाती वही असेल. आमच्या हाती त्या दिवशी काही नव्हते. दारात सुतार उभा होता आणि आम्ही खाली मान घालून ऐकत होतो.

ठरावास हात वर करताना ती किडकी भाकरी आठवा, एवढीच आमची विनंती आहे.