सातचा भोंगा



सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे.
2022 साली तिथे संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला.
भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद.
दीड तास.
मुलांचे मोबाइल बाजूला, आणि मोठ्यांचेही!
मला हेच फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या घरात डोकावू या.
रात्रीचे साडेअकरा.
पांघरुणाखाली निळसर उजेड.
नववीतली मुलगी दुपारी टाकलेला फोटो पुन्हा उघडते.
मैत्रिणीचं लाइक आलं का?
नाही.
पाच मिनिटांनी पुन्हा बघते.

या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं.
झोप मुळातच उशिरा येते.
त्यात रील संपता संपत नाहीत.
सकाळची शाळा मात्र वेळेवर.
या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी.
ती तुटली की चिडचिड वाढते, अभ्यास डोक्यात शिरत नाही, मन पटकन दुखावतं.

पालकांनो, मुलीचा फोन हिसकावू नका.
तिच्या मैत्रिणीही त्यातच भेटतात.
फक्त रात्री फोन उशाशी नको.
पुन्हा सांगते, उशाशी नको.
स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.
तिचा, आणि तुमचाही.