नेमके इंग्रजी लिहिताना

थोडक्यात आणि स्पष्ट इंग्रजी कसे लिहावे याचे जे नियम आज शिकवले जातात, त्यांतल्या काही नियमांना ब्रिटनमधल्या सरकारी कागदांनी चालना दिली. 9 ऑगस्ट 1940 रोजी, जर्मन विमानांशी लढाई सुरू असताना, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी सहकाऱ्यांना एक छोटे टिपण पाठवले. विषय होता लेखनातला आटोपशीरपणा. अहवाल सुटसुटीत परिच्छेदांत लिहावेत, आकडेवारी परिशिष्टात टाकावी, जिथे नुसते मुद्दे पुरतात तिथे पूर्ण अहवाल लिहू नये आणि पोकळ शब्दप्रयोग सरळ गाळावेत, अशा त्यांच्या सूचना होत्या. मुद्दे थोडक्यात मांडण्याची शिस्त लागली की विचारही स्वच्छ होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

युद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याने हेच काम सर अर्नेस्ट गावर्स या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याकडे सोपवले. सरकारी नोकरांसाठी त्यांनी 1948 साली ‘प्लेन वर्ड्स’ ही पुस्तिका लिहिली. पुढे 1951 साली दुसरी पुस्तिका आली आणि 1954 मध्ये दोन्ही मिळून ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक झाले. जे म्हणायचे आहे ते वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात कळले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती.

इंग्रजीत एकाच अर्थाचे साधे आणि भारदस्त असे दोन-दोन शब्द आढळतात, याला इतिहास आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबारात आणि कारभारात फ्रेंच आली. धर्म आणि विद्येच्या क्षेत्रात लॅटिन होतीच. म्हणून घरगुती ‘बाय’च्या जोडीला ‘पर्चेस’, ‘हेल्प’च्या जोडीला ‘असिस्ट’ आणि ‘एंड’च्या जोडीला ‘टर्मिनेट’ असे शब्द रुळले. फाउलर बंधूंनी 1906 सालच्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये परिचित, मूर्त, आखूड आणि एकेरी शब्दाला पसंती द्यावी असे सुचवले. मूळच्या इंग्रजी शब्दाला लॅटिन वळणाच्या शब्दापेक्षा झुकते माप द्यावे, हा नियमही त्यांनी दिला. मात्र तो शेवटचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा मानला. जड शब्द दिसला की तो बदलायचाच, असा त्याचा अर्थ नव्हे. साध्या शब्दाने काम भागत असेल तर तो घ्यावा, इतकेच.

वाक्य लांबते ते मुख्यतः क्रियापदाचे नाम केल्यामुळे किंवा एका शब्दाच्या जागी शब्दसमूह वापरल्यामुळे. ‘अप्लाय’ या एका शब्दाचे ‘मेक अॅन अॅप्लिकेशन’ होते, ‘डिसाइड’चे ‘टेक अ डिसिजन’ होते आणि ‘बिकॉज’च्या जागी ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ येते. भारतातल्या कचेऱ्यांत रुळलेल्या रजेच्या अर्जाचा हा नमुना पाहण्यासारखा आहे : ‘दिस इज टू ब्रिंग टू युवर काइंड नोटिस दॅट आय अॅम इन नीड ऑफ लीव्ह फॉर अ पिरियड ऑफ टू डेज ऑन अकाउंट ऑफ द फॅक्ट दॅट माय सिस्टर्स वेडिंग इज टेकिंग प्लेस.’ यात तेहतीस शब्द आहेत, पण रजा कोणत्या तारखांना हवी ते कुठेच नाही. ‘प्लीज ग्रँट मी लीव्ह ऑन 14 अँड 15 मे फॉर माय सिस्टर्स वेडिंग’ या वाक्यात तेरा शब्द आहेत आणि तारखाही आल्या आहेत. ‘प्लीज’मुळे अदब राखली गेली, त्यासाठी ‘काइंड नोटिस’ची गरज पडली नाही.

दुसरी अडचण कर्मणी प्रयोगाची. ‘द फाइल वॉज मिसप्लेस्ड’ असे लिहिले की फाइल गहाळ झाल्याचे कळते, कोणाकडून ते मात्र कळत नाही. कर्ता खरोखर माहीत नसेल किंवा गौण असेल तेव्हा हा प्रयोग योग्य ठरतो. शास्त्रीय लेखनात तो म्हणूनच दिसतो. जबाबदारी कोणाची हे सांगायचे असेल तेव्हा मात्र कर्ता पुढे आणावा.

मराठी भाषकांना आणखी एक पथ्य पाळावे लागते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दांचे नाते कळते, म्हणून लांब वाक्यही तोल सांभाळते. इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोणते हे प्रामुख्याने शब्दांच्या क्रमावरून ठरते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दोन ओळींचा मजकूर घुसला की वाचणारा कर्ता विसरतो. असे वाक्य तोडून त्याची दोन करावीत.

आटोपशीरपणालाही मर्यादा असते. तारेच्या भाषेसारखे शब्द गाळत गेले तर वाक्य आखूड होते, पण अर्थ संदिग्ध होतो. कायद्याच्या मसुद्यात एखादी अट पुन्हा लिहावी लागते. तिथे ती गाळणे महागात पडते. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 सालच्या भाषाविषयक निबंधात सहा नियम दिले. त्यातला शेवटचा असा की, नियम पाळताना वाक्य ओबडधोबड होत असेल तर नियम मोडावा.

शिकण्याची रीत सोपी आहे. पहिला खर्डा मनात येईल तसा लिहावा. मग प्रत्येक वाक्याला विचारावे : कोण, काय करतो? उत्तर क्रियापदात सापडत नसेल तर वाक्य फिरवावे. नंतर प्रत्येक शब्द झाकून पाहावा. अर्थ बदलला नाही तर तो काढावा. शेवटी मजकूर मोठ्याने वाचावा आणि जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम द्यावा. चांगले इंग्रजी बहुतेकांना पहिल्या खर्ड्यात साधत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या हाताला उतरते.