ढग वाचायला शिकताना

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरावर वादळं बहुधा रात्री उठतात. किनाऱ्याकडून वाहणारे गार वारे सरोवराच्या मध्यावर एकमेकांना भिडतात, दमट हवा वर ढकलली जाते. नेमके तेव्हाच हजारो कोळी छोट्या होड्यांतून मासेमारीला गेलेले असतात.

त्यांना वेळेत इशारा द्यायचा, तर वादळ आधी दिसायला हवं. पण आफ्रिकेत हवामान रडार फार थोडी. त्यामुळे अंदाज वर्तवणाऱ्याची खरी भिस्त उपग्रहावर. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून युरोपचा मेटिओसॅट हा खंड सतत न्याहाळतो. 2004 पासून सेवेत आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीमुळे 12 वाहिन्यांमधली चित्रं दर 15 मिनिटांनी मिळू लागली. पण चित्र मिळणं वेगळं आणि ते वाचता येणं वेगळं. तीन अवरक्त वाहिन्या मिसळून केलेल्या चित्रात सहाराची धूळ गुलाबी दिसते, उंच दाट ढग गडद लाल. हे डोळ्यांत मुरायला सराव लागतो.

तो सराव देण्यासाठी ‘आस्मेट’ प्रकल्पात संगणकावरचे पाठ तयार झाले. युरोपीय उपग्रह संस्था युमेटसॅटच्या जोडीला नैरोबी आणि नियामे इथल्या प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक होते. पाठ इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, उदाहरणं आफ्रिकेतलीच. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. युरोपातल्या थंड आघाड्यांचे नकाशे घोकून सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं वादळ कसं कळणार? इथे शिकणारा प्रत्यक्ष घडलेल्या वादळाची चित्रं क्रमाने पाहतो, इशारा द्यायचा की नाही ते ठरवतो, आणि मग पुढचं चित्र उघडतो.