गेजवर ६, हिशोबात ७: कॉम्प्रेसरच्या हवेचं गणित

आजचा एपिसोड लोधिवलीतून. मी सॉफ्टवेअरवाला, पण आज कोड बाजूला ठेवूया आणि कॉम्प्रेसरच्या हवेचा हिशोब करूया. आपल्याकडे पाताळगंगा, रसायनीपासून खोपोलीपर्यंत कितीतरी पोरं कारखान्यात जातात. कुणी आयटीआय करून, कुणी डिप्लोमा. उद्या कुणी कर्ज काढून स्वतःचं वर्कशॉप टाकेल. त्यांच्यासाठी हा एपिसोड.

एक साधा एअर सिलेंडर घ्या. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक १०० मिलिमीटर. आतली जागा साधारण ०.२ लिटर. पुढे जाताना एकदा भरतो, मागे येताना परत एकदा. म्हणजे एका फेरीला ०.४ लिटर. रॉडची जागा सध्या सोडून देऊ.

आता गेजवर ६ बार दिसतंय. मग हवा किती लागली? बरेच जण ०.४ गुणिले ६ करतात आणि २.४ लिटर म्हणतात. इथेच हिशोब चुकतो. गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हाही सिलेंडरमध्ये १ बारची हवा असतेच, आपल्या आजूबाजूची. गेज फक्त त्याच्या वरचा दाब दाखवतं. म्हणून गेजच्या आकड्यात १ मिळवायचा आणि मग गुणायचं. ०.४ गुणिले ७, म्हणजे २.८ लिटर. ही बाहेरची मोकळी हवा, जी कॉम्प्रेसरला ओढावी लागते.

फरक ०.४ लिटरचा. किरकोळ वाटतो ना? असे २० सिलेंडर, प्रत्येकाच्या मिनिटाला २० फेऱ्या धरा. चुकीच्या हिशोबाने ९६० लिटर, म्हणजे ३४ सीएफएम. खरी गरज ११२० लिटर, जवळपास ४० सीएफएम. तुम्ही ३५ सीएफएमचा कॉम्प्रेसर घेऊन बसलात तर तो दिवसभर धापा टाकणार, आणि हप्ते तुम्ही भरणार.

पुढची गोष्ट. मशीन हळू चालतंय म्हणून कुणीतरी प्रेशर ६ वरून ७ करतं. हवा २.८ वरून ३.२ लिटरवर गेली, १४ टक्के जास्त. शिवाय तीच हवा जास्त दाबायला वीज साधारण ६-७ टक्के जास्त लागते, ती वेगळी. आणि पाइपातलं प्रत्येक लीकेजही त्याच प्रमाणात वाढलं.

लीकेजवरून सांगतो. ७ बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते. ती बनवायला अंदाजे साडेतीन किलोवॅट लागतात. चोवीस तासांत ८४ युनिट! आठ रुपये युनिट धरलं, तर रोजचे ६७२ रुपये नुसते फुस्स.

मग उलटं करून बघा. हाच सिलेंडर ६ बारला साधारण १२० किलोचा जोर देतो. तुमच्या कामाला ७० किलोच लागत असेल, तर त्या मशीनपाशी रेग्युलेटर लावून ४ बार ठेवा. जोर ८० किलो मिळतो आणि हवा लागते २ लिटर. जवळजवळ २९ टक्के बचत. रेग्युलेटर कॉम्प्रेसरच्या मानाने अगदीच स्वस्त.

आणि हो, हेच मशीन बोरघाट चढून पुण्याला नेलं तर? पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. तिथे बाहेरच्या हवेचा दाबच ०.९५ बारच्या आसपास. त्याच ६ बारसाठी तिथली विरळ हवा साधारण ५-६ टक्के जास्त ओढावी लागते. म्हणजे आपल्याकडे जेमतेम पुरणारा कॉम्प्रेसर घाटावर कमी पडू शकतो.

आता एक काम करा. सुट्टीच्या दिवशी, परवानगी घेऊन, सगळी मशीनं बंद ठेवा, लाइनमध्ये हवा ठेवा आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करा. मोबाइलवर वेळ मोजा. तो १ मिनिट हवा भरतोय आणि ४ मिनिटं थांबतोय, असं असेल तर ५ पैकी १, म्हणजे २० टक्के हवा गळतीत जातेय. चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा. मग साबणाचं पाणी घ्या आणि जॉइंट शोधा. बुडबुडा आला की सापडलं. मात्र नळी काढायच्या आधी त्या लाइनचं प्रेशर शून्यावर आणा.

तुमच्याकडे किती टक्के निघाले, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!