सव्वा महिना आणि तीस दिवस



वर्धेच्या कांठचें कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर. त्या परिसरांतच नव्हे, तर साऱ्या वऱ्हाडांत पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें आणि पुढें सव्वा महिना मायलेकरांनीं उंबरठा ओलांडूं नये, अशी जुनी वहिवाट आहे. आईला विसावा मिळावा, बाळाला ऊब मिळावी, हा तिचा हेतु चांगलाच आहे. परंतु दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या बाळासाठीं या वहिवाटीला अपवाद केलाच पाहिजे. नाहीं तर त्याच्या डोळ्यांवर बेतूं शकतें.

डोळ्याच्या आंत मागील बाजूस दृष्टिपटल नांवाचा नाजूक पडदा असतो. त्यावरील रक्तवाहिन्या गर्भांत चौथ्या महिन्याच्या सुमारास वाढूं लागतात व पूर्ण दिवसांच्या सुमारास कडेपर्यंत पोंचतात. मूल दोन-अडीच महिने आधीं जन्मलें, तर ही वाढ अपुरी राहते. पुढें कांहीं मुलांत त्या वाहिन्या वेड्यावांकड्या फुटतात, पडद्याला ओढतात आणि अखेर तो जागेवरून सुटतो. एकदां तसें झालें कीं गेलेली दृष्टि परत मिळणें फार दुर्घट.

या विकाराचें वर्णन प्रथम १९४२ सालीं बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनीं केलें. त्या काळीं अशक्त अर्भकांना पेटींत ठेवून भरपूर प्राणवायु देत. १९५१ मध्यें मेलबोर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनीं या अतिरेकाकडे बोट दाखविलें, आणि १९५४ सालीं अमेरिकेंतील अनेक रुग्णालयांनीं मिळून केलेल्या प्रयोगानें तो संशय खरा ठरला. मग प्राणवायु फारच आंखडला गेला, तेव्हां मुलें दगावूं लागलीं. तात्पर्य, प्राणवायु हा शत्रु नव्हे. तो मोजून द्यावयाचा असतो.

जितके दिवस अपुरे आणि जितकें वजन कमी, तितका धोका अधिक. रक्तांतील जंतुसंसर्ग, श्वासाचा त्रास, वारंवार रक्त द्यावें लागणें आणि जन्मानंतर वजन न वाढणें, यांनीं तो आणखी वाढतो.

आपल्या देशांतील नियम सोपा आहे. चौतीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आंत तज्ज्ञांनीं तपासले पाहिजेत. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वींच्या किंवा बाराशे ग्रॅमहून हलक्या बाळाची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांतच व्हावी. आतां हिशेब करा: सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. वहिवाट पुरी होते, तोंवर मुदत टळून गेलेली असते!

अमरावतीच्या डफरिन रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षांतून बाळ सुखरूप घरीं आलें, कीं घरच्यांना वाटतें, संकट टळलें. बाळाचे डोळे बाहेरून काळेभोर, निर्मळ दिसतात. विकार आंत असतो; बाहुली पांढरी दिसूं लागेपर्यंत वेळ हातची गेलेली असते. तपासणीला मात्र बाहुली मोठी करणारे थेंब आणि थोडा वेळ एवढेंच लागतें. दोष आढळल्यास लेसर किरणांनीं वा डोळ्यांत औषध टोंचून तो बहुधा आटोक्यांत येतो. पण उपचार दोन-तीन दिवसांतच व्हावे लागतात. पहिली तपासणी निर्दोष निघाली तरी वाहिन्यांची वाढ पुरी होईपर्यंत पुन्हां पुन्हां जावें लागतें.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत या विकाराचा समावेश आहे. परंतु कोणताहि कार्यक्रम बाळाला उचलून नेत नाहीं. बाळंतिणीच्या खोलींत आजीचा शब्द चालतो. म्हणून माझी विनंति आजीबाईंनाच आहे. रुग्णालयांतून निघतांना डोळ्यांच्या तपासणीची तारीख विचारून घ्या. बाळाला उबदार गुंडाळून त्या दिवशीं घेऊन जा, आणि घरीं परतल्यावर उरलेला सव्वा महिना खुशाल पाळा.