काटकसरीची कळ

मोटारींत मंडळी बसलीं आणि इंजिन सुरू झालें कीं, पुष्कळ घरांत पहिली सूचना हल्लीं अशी होते: “अहो, आधीं तें इको लावा!” मग गिअरच्या दांड्याजवळची एक लहानशी कळ दाबली जाते, समोरच्या तबकडीवर हिरवें पान उमटतें, आणि मागच्या बाकावरील मंडळींस वाटूं लागतें कीं, आतां पेट्रोलची काळजी त्या पानानें वाहावी. पुढें चालकानें कसेंहि हांकलें तरी चालेल! कळ खोटी आहे असें मुळींच नाहीं. ती आपलें काम प्रामाणिकपणें करते. परंतु तिचें काम कोणतें आणि कोणतें नव्हे, हें समजून न घेतल्यामुळें तिच्यावर नको तेवढा भरंवसा टाकला जातो, आणि घाटांत तो भरंवसा केवळ पैशापुरता राहत नाहीं.

महाराष्ट्रांतील सामान्य कुटुंबाच्या मोटारींत ही कळ येऊन फार वर्षें लोटलेलीं नाहींत. टाटांची झेस्ट ही गाडी २०१४ सालीं बाजारांत आली. तिच्या पेट्रोल इंजिनाला इको, सिटी आणि स्पोर्ट अशा तीन तऱ्हा होत्या. गाड्यांच्या दुकानांत त्यांना मोड म्हणतात. २०१७ सालची नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होऊं लागली. तिलाहि ह्याच तीन तऱ्हा मिळाल्या. पुढें २०२१ सालीं महिंद्रांनीं चाकणच्या कारखान्यांतून जी एक्सयूव्ही ७०० काढली, तिच्या डिझेल गाडींतील तऱ्हांचीं नांवें झिप, झॅप आणि झूम अशीं ठेवलीं. बारशाला आलेल्या एखाद्या हौशी आत्याबाईंनीं एका दमांत तिन्ही नांवें कानांत सांगितलीं असावींत असें वाटतें. नांवें कांहींहि असोत. पहिली तऱ्हा काटकसरीची आणि शेवटची उधळेपणाची, हें सूत्र बहुतेक सर्व गाड्यांत सारखेंच असतें.

आंत घडतें तें असें. पूर्वीच्या मोटारींत ॲक्सिलरेटरच्या पट्टीपासून इंजिनापर्यंत तारेची एक दोरी जात असे. पाय जितका दाबावा तितकी हवेच्या वाटेवरील झडप उघडे. हल्लींच्या गाड्यांत ती दोरी राहिली नाहीं. पट्टी केवळ विजेचा संदेश पाठविते. तो संदेश एक लहान गणकयंत्र वाचतें आणि झडप किती उघडावयाची तें ठरवितें. इकोची कळ दाबली म्हणजे ह्या यंत्राचा स्वभाव बदलतो. अर्ध्या दाबलेल्या पायाला तें थोडीच झडप उघडून देतें. स्पोर्टमध्यें तेवढ्याच पायाला ती पुष्कळ अधिक उघडते. मालकानें घाईनें पैसे मागावे आणि जुन्या कारभाऱ्यानें ते मोजून, थोडे थोडे करून द्यावे, तसा हा प्रकार आहे. मालक हट्टास पेटला तर कारभाऱ्यास सगळे द्यावे लागतात, हेंहि येथें तितकेंच खरें. कारण बहुतेक गाड्यांत पट्टी तळापर्यंत दाबली कीं इकोहि आपला हात आखडता ठेवीत नाहीं.

स्वयंचलित गिअरच्या गाडींत याहून महत्त्वाची एक गोष्ट घडते. काटकसरीच्या तऱ्हेंत वरचा गिअर लौकर पडतो आणि इंजिन कमी फेऱ्यांत काम उरकतें. जें काम मिनिटाला २००० फेऱ्यांत होण्याजोगें आहे, तेंच ३००० फेऱ्यांत करविलें तर अंतर्गत घर्षणांत अधिक शक्ति जाते. शिवाय अर्धवट मिटलेल्या झडपेंतून हवा ओढून घेण्यांतहि पेट्रोल इंजिन दमतें. कमी फेरे आणि अधिक उघडी झडप असली म्हणजे तो त्रास कमी होतो. म्हणून स्वयंचलित गाडींत कळीचा खरा फायदा दिसतो तो येथें. कांहीं गाड्यांत इको लावल्यावर एसीचा जोरहि कमी होतो. पौषांतल्या थंडींत तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वैशाखांत मात्र मागच्या बाकावरून लागलीच तक्रार येते.

हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत पाहावें तर निराळेंच चित्र दिसतें. सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरांत, ताशीं ५० किलोमीटरच्या संथ वेगानें मोटार चालली असेल, तर तिला लागणारी शक्ति इकोमध्यें आणि साध्या तऱ्हेंत एकच असते. वेग तोच, गिअर तोच, म्हणून पेट्रोलहि तेवढेंच. फरक इतकाच कीं, इकोमध्यें चालकाला पाय थोडा अधिक दाबून धरावा लागतो. त्यांत वांचलें काय? अशा गाडींत कळ वांचविते ती चालकाच्या उतावळेपणांतून, आणि तीहि त्यानें मधल्या मधें पाय अधिक दाबून तिचा डाव मोडला नाहीं तर.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. म्हसोबा म्हणूनहि त्या देवाची ख्याति आहे. तेथला गुरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बैल पारखणारा शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहून भुलत नाहीं. तो खांदा पाहतो, खूर पाहतो, बैलाला चार पावलें चालवून पाहतो. आणि त्याला हेंहि पक्कें ठाऊक असतें कीं, चांगली जोडीसुद्धां वाईट गाडीवानाच्या हातीं लौकर थकते. जो क्षणांत पराणी टोंचतो आणि क्षणांत कासरा ओढतो, त्याच्या बैलांचा दम त्या दोहोंच्या मधें व्यर्थ जातो. मोटारीला हें तंतोतंत लागू पडतें, आणि मोटारीच्या बाबतींत त्याचा हिशेबहि मांडतां येतो.

माणसांसकट १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ५० किलोमीटरच्या वेगास आणली, तर तिच्या अंगीं सुमारें ११५ किलोज्यूल गतिशक्ति सांठते. एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें ३२००० किलोज्यूल ऊर्जा असते. त्यांतील चतुर्थांश चाकांपर्यंत पोहोंचते असें धरलें, तर ह्या एका वेगवाढीला १४ ते १५ मिलिलिटर पेट्रोल पडतें. म्हणजे स्वयंपाकघरांतील मोठा चमचाभर. समोर गतिरोधक दिसला आणि चालकानें करकचून ब्रेक दाबला, कीं तो चमचा ब्रेकच्या तबकड्या तापविण्यांत जळून गेला! कल्याणहून मुरबाडमार्गें म्हसा येथें जातांना असे ४० प्रसंग आले तर अर्ध्या लिटराहून अधिक पेट्रोल केवळ ब्रेकच्या उष्णतेंत गेलें. वेग ५० ऐवजीं ८० असेल तर दर वेळचा चमचा अडीचपट होतो. येथें कोणती कळ लावली होती ह्याला फारसें महत्त्व नाहीं. ज्या चालकानें गतिरोधक दुरून पाहून पाय आधींच उचलला, त्यानेंच तो चमचा वांचविला. विजेवर चालणाऱ्या मोटारी ब्रेकच्या वेळीं ह्या शक्तीचा कांहीं भाग परत बॅटरींत भरतात, एवढाच त्यांचा अपवाद.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें धसमुसळेपणानें हांकल्यास हमरस्त्यावर सुमारें १५ ते ३० टक्के, आणि थांबत थांबत चालणाऱ्या वाहतुकींत १० ते ४० टक्के मायलेज घटतें. वेगाचीहि गोष्ट तशीच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ६० वरून ९० वर गेलें कीं तो सव्वादोनपट होतो. १९७८ सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था ताशीं ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे, तें उगीच नव्हे.

गाडी विकत घेतांना जो मायलेजचा आंकडा दाखविला जातो, त्याविषयींहि दोन शब्द हवेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून आहे. तिच्या नांवावरूनच लोक ‘एआरएआयचें मायलेज’ म्हणतात. २०२० सालीं भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले तेव्हां वापरांत असलेल्या चाचणींत मोटार रुळांवर उभी करून चाकें जागच्या जागीं फिरविलीं जात. सुमारें २० मिनिटांचा खेळ. पडद्यावर वेगाची रेषा आंखलेली आणि चालकानें त्या रेषेवरून हलावयाचें नाहीं. सर्वांत अधिक वेग ताशीं ९०. अशा चाचणींत चालकाच्या उतावळेपणाला जागाच नसते, मग पायाची पट्टी मऊ आहे कीं कडक ह्यानें आंकडा कसा हलणार? शिवाय त्या रुळांवर म्हशी आडव्या येत नाहींत. घरच्या गाडीला तो आंकडा मिळाला नाहीं म्हणून दुकानदाराशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

मुरबाडहून एक वाट म्हसा आणि कर्जतकडे वळते, तर दुसरी सरळगांव, टोकावडें करून माळशेज घाट चढते. ह्या दुसऱ्या वाटेवर कळीची खरी परीक्षा होते. सुमारें ६०० मीटर उंची चढावयाची धरली, तर वरच्याच गाडीला केवळ ती उंची गांठण्यासाठीं पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतें. डोंगराची उंची कोणतीहि कळ कमी करीत नाहीं. उलट चढावर इको लावून ठेवल्यास स्वयंचलित गाडी वरच्या गिअरला चिकटून राहते, इंजिन घरघरूं लागतें, आणि चालक वैतागून पाय तळाशीं नेतो. त्याहून वाईट म्हणजे पुढें जाणाऱ्या ट्रकला ओलांडण्याचा प्रसंग. पाय दाबल्यावर गाडीनें उसळी घ्यावयाची ती क्षणभर उशिरा घेतली, तर वळणामागून येणारी एसटी तेवढा क्षण देईलच असें नाहीं. घाटाच्या पायथ्याशीं इको काढून साधी तऱ्हा लावावी. त्यानें जें चमचा-दोन चमचे अधिक जाईल तें जाऊं द्यावें.

उतरतांना होणारा अविचार तर ह्याहून गंभीर. गाडी न्यूट्रलमध्यें टाकून, कित्येक वेळां इंजिनहि बंद करून, घाट ‘फुकट’ उतरण्याची संवय पुष्कळ जुन्या चालकांस आहे. कार्बोरेटरच्या काळांत ह्या संवयीला निदान हिशेबाचा आधार होता. धोका तेव्हांहि होताच. हल्लींच्या इंजिनांत पेट्रोल सुईसारख्या नळींतून फवारलें जातें, आणि गाडी गिअरमध्यें असतां पाय उचलला कीं तो फवारा पूर्ण बंद होतो. चाकेंच इंजिनाला फिरवीत राहतात. म्हणजे तिसऱ्या गिअरांत पाय उचलून उतरणारी गाडी त्या वेळीं पेट्रोलचा थेंबहि घेत नाहीं. न्यूट्रलमध्यें उतरणारी मात्र इंजिन नुसतें जागें ठेवण्यासाठीं घेत राहते. काटकसरीच्या नांवाखालीं खर्च वाढला तो असा. गिअर काढल्यामुळें इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमक्या वळणावर ऐकेनासे होतात. इंजिन बंद असेल तर दोन-चार वेळां दाबल्यावर ब्रेकची पट्टी दगडासारखी घट्ट होते आणि स्टिअरिंगहि जड पडतें. गाडींत लेंकरें बसलेलीं असतां कोणत्या पेट्रोलासाठीं हा जुगार खेळावयाचा? ज्या घरांत वडीलधारी मंडळी अजून न्यूट्रलचा आग्रह धरतात, तेथें घरच्या तरुणांनीं त्यांना हा फवाऱ्याचा प्रकार आदरपूर्वक पण स्पष्ट सांगावा.

यात्रेच्या गर्दींत आणखी एक गळती असते. बैल, घोंगड्यांचीं दुकानें, पाळणे आणि माणसें यांच्यामधून गाडी अर्धा-अर्धा तास तसूतसूनें सरकते. उभ्या गाडीचें इंजिन एसीसह तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितें, आणि त्या काळांत मायलेज शून्य असतें. कांहीं नव्या गाड्यांत इंजिन थांब्यावर आपोआप बंद होतें. ती सोय ह्या ठिकाणीं तीन तऱ्हांच्या कळीपेक्षां अधिक उपयोगी. नसेल तर हातानें बंद करावें, किंवा गाडी गांवाबाहेर उभी करून बाजार पायीं पाहावा.

आपल्या गाडीला ह्या कळीनें नेमका किती फायदा होतो, हें घरबसल्या पाहतां येतें. टांकी काठोकाठ भरावी, मैलांचा म्हणजे हल्लींच्या किलोमीटरचा आंकडा टिपावा, आणि पंधरवडाभर नेहमींच्याच रस्त्यानें, नेहमींच्याच माणसांसह, केवळ इको लावून हिंडावें. पुन्हां टांकी भरून किती लिटर बसलें तें टिपावें. पुढचा पंधरवडा इको न लावतां तसाच काढावा. चाकांतील हवा दोन्ही वेळीं सारखी असली पाहिजे. तबकडीवर गाडी स्वतः जो सरासरीचा आंकडा दाखविते त्यावर अवलंबून राहूं नये. तो अंदाज असतो. पेट्रोल दोन्ही वेळीं एकाच पंपावर घ्यावें, आणि नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेंच थांबावें. शंभराचा आंकडा पुरा करण्यासाठीं वरून ओतून घेतलेलें पेट्रोल हा सगळा हिशेब चुकवितें.