शेकडा कशाचा?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी विद्वान नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते खडू-फळ्याच्या सहवासात. म्हणून ज्या विषयाचा आम्हांस थोडाबहुत अनुभव आहे, तोच आज आपणांपुढे मांडतो. तो विषय म्हणजे शेकडेवारी.

गुणगौरवाच्या मंगल प्रसंगी हा रुक्ष विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु आता येथे ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, त्या प्रत्येकाच्या नावापुढे एक शेकडेवारीच वाचून दाखविण्यात आली. कर्जाचा कागद, दुकानातील सूट, डेअरीतील दुधाचे फॅट, पिकाची पैसेवारी, परीक्षेचा निकाल, सर्वत्र तिचेच राज्य आहे. असे असता पुष्कळ मुले हे प्रकरण न समजताच पुढच्या इयत्तेत जातात आणि पुढे जन्मभर दुसऱ्याच्या हिशेबावर विश्वास ठेवून चालतात. यात होणारे नुकसान परीक्षेतील चार गुणांपेक्षा कितीतरी मोठे आहे.

वस्तुतः हे गणित आपल्या समाजास परके नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त व्याजाची उदाहरणे आहेत. शंभरास दरमहा पाच व्याज असेल तर सोळांचे वर्षाचे व्याज किती, असा प्रश्न त्यांनी घातला आहे. त्याचे उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. आपल्या व्यवहारातही ‘दरसाल दर शेकडा’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि ‘रुपयामागे एक आणा’ म्हटले की शेकडा सव्वासहा होत. पिकाची आणेवारी लावीत, तिची पुढे पैसेवारी झाली. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली म्हणजे ठरावीक प्रमाण उत्पन्नाच्या निम्मेही पीक हाती आले नाही, हे अक्षरशत्रू शेतकऱ्यासही कळते. पैसेवारी ही शेकडेवारीच आहे. मग शेतावर जे बापास कळते, ते शाळेत मुलास का कळू नये?

आमच्या मते याचे कारण शिकविण्याच्या क्रमात आहे. आपण मुलास प्रथम नियम देतो: अमुक संख्येस तमुकने गुणावे आणि शंभराने भागावे. नियम पाठ होतो, परंतु डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही. मग उदाहरण थोडे फिरवून घातले की मूल विचारते, “गुरुजी, येथे गुणायचे की भागायचे?” हा प्रश्न कानी आला की शिक्षकाने समजावे, पाया कच्चा आहे, नियम बाजूस ठेवून पुन्हा आरंभापासून निघाले पाहिजे.

तो आरंभ असा करावा. चौकटींच्या वहीच्या पानावर उभ्या दहा व आडव्या दहा अशा शंभर चौकटींचा एक चौरस आखावा. त्यांतील पंचवीस चौकटी मुलाकडून रंगवून घ्याव्यात. पंचवीस टक्के म्हणजे चौथा हिस्सा, हे मग सांगावे लागत नाही, दिसते. त्यानंतर पन्नास म्हणजे निम्मे, वीस म्हणजे पाचवा हिस्सा आणि दहा म्हणजे दहावा हिस्सा, एवढ्या खुणा पक्क्या कराव्यात. आपल्या वाडवडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली ती याच कामासाठी. ६४० चे पंधरा टक्के काढावयाचे असतील तर दहा टक्के म्हणजे ६४, त्याचे निम्मे ३२, मिळून ९६. यासाठी कागद-पेन्सिलीचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट, उत्तर काढण्यापूर्वी अंदाज सांगावयास लावावा. ८१२ चे एकोणपन्नास टक्के किती? निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे चारशेच्या आसपास. ही सवय लागलेले मूल दशांशचिन्ह चुकून ३९७८ असे उत्तर आले तर स्वतःच थबकते आणि ३९७.८८ वर येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर मुलाने एक प्रश्न लिहावा: शेकडा कशाचा? वीस टक्के ही काही पाच रुपये किंवा दोन किलो यांसारखी स्वतंत्र वस्तू नव्हे. ती कशाची तरी वीस टक्के असते. ज्याची ती टक्केवारी, तो पाया. पाया बदलला की तोच आकडा निराळा अर्थ बोलू लागतो.

खेड्यातील मुलांस हे दुधावरून चटकन समजते. दहा किलो दुधात चार टक्के फॅट आहे, म्हणजे चारशे ग्रॅम. त्यात कोणी दोन किलो पाणी घातले. फॅट एक ग्रॅमही कमी झाले नाही. परंतु आता ते बारा किलोंत वाटले गेले, म्हणून मोजणीत ते सव्वातीन टक्क्यांहून थोडे अधिक एवढेच भरते. वरचा आकडा तोच राहिला, पाया फुगला, टक्का उतरला.

शहरातील मुलांस बाजारभावाचे उदाहरण द्यावे. शंभर रुपयांची वस्तू वीस टक्क्यांनी महागली, १२० झाली. पुढे ती वीस टक्क्यांनी स्वस्त झाली. पुष्कळ मुले म्हणतात, पुन्हा शंभर. तसे होत नाही. दुसऱ्या वेळचे वीस टक्के हे १२० चे, म्हणजे २४. किंमत ९६ वर येते. ‘पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस टक्के’ अशी पाटी दुकानावर झळकते, तेव्हा ती सत्तर टक्के सूट नसते. शंभराचे पन्नास राहिले, पन्नासांचे वीस टक्के म्हणजे दहा. एकूण सूट साठच. विक्रीकराचेही तसेच. अठरा टक्के जीएसटीसह वस्तूचे १,१८० रुपये दिले, तर मूळ किंमत १,००० रुपये आणि कर १८०. जो १,१८० चेच अठरा टक्के वजा करील, त्याचा हिशेब ९६७ रुपये ६० पैसे येऊन चुकेल. कारण कर आकारला होता तो हजारावर.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. ‘शेकडा तीन रुपये व्याज’ असे कोणी गोड शब्दांत सांगितले, तर तो दर महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारावे. महिन्याचा असेल तर ते सरळव्याजानेच दरसाल छत्तीस टक्के झाले. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. एक लाख रुपये वर्षभरासाठी ‘सरसकट दहा टक्के’ दराने घेतले. व्याज दहा हजार, आणि एकूण एक लाख दहा हजार रुपये बारा समान हप्त्यांत फेडावयाचे. वरवर पाहता दर दहाच. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल घटू लागते. संपूर्ण लाख रुपये आपल्याजवळ राहतात ते केवळ पहिला महिना. वर्षाची सरासरी काढली तर आपल्या हाती सुमारे चौपन्न हजारच असतात. चौपन्न हजारांवर दहा हजार व्याज, म्हणजे दर अठरा टक्क्यांच्या घरात गेला. कागदावर खोटे काहीच लिहिलेले नाही. फक्त शेकडा कशाचा, हे आपण विचारलेले नाही. सहावीत शिकलेले मूल घरात बसून वडिलांस हा हिशेब मांडून दाखवू शकेल, तर त्या एका प्रकरणाने शाळेची सर्व फी वसूल झाली असे आम्ही म्हणू.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गुणपत्रिकेसही हाच न्याय लागू आहे. समजा, एका मुलीस सहा विषयांत ९०, ८५, ८०, ७५, ७० आणि ५० गुण मिळाले. सहाशेपैकी ४५०, म्हणजे ७५ टक्के. सर्वोत्तम पाच विषय धरले तर पाचशेपैकी ४००, म्हणजे ८० टक्के. मुलगी तीच, अभ्यास तोच. म्हणून दोन मुलांची तुलना करण्यापूर्वी दोघांचा पाया एक आहे ना, हे पाहावे. प्रवेशपरीक्षांत हल्ली ‘पर्सेंटाईल’ देतात, त्यानेही पालकांचा गोंधळ उडतो. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे शंभरापैकी नव्वद गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के विद्यार्थी त्या मुलाच्या बरोबरीस किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तेथे पाया गुणांचा नसून माणसांचा आहे.

आणि पाया माणसांचा आहे, यावरून मंडळाच्या सूज्ञ चालकांस एक नम्र विनंती करावीशी वाटते. एखाद्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला असे आपण वाचतो आणि आनंदित होतो. परंतु तो शंभर टक्के परीक्षेस बसलेल्यांचा असतो. आठवी-नववीतच ज्यांची शाळा सुटली, ती मुले त्या पायात धरलेलीच नसतात. आपल्या ज्ञातीचेही असे होऊ नये. नव्वद टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्यांची यादी आपण अभिमानाने छापतो, ती अवश्य छापावी. त्याच पानावर आणखी दोन आकडे असावेत: आपल्या ज्ञातीतील किती मुलेमुली पाच वर्षांपूर्वी पाचवीत होती, आणि त्यांतील किती आज दहावीपर्यंत पोहोचली. हे दोन आकडे हाती आले, तर शिष्यवृत्तीचा पैसा कोठे अधिक लागावा, हे कोणी सांगावयास नको. ज्या मुलाचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, त्याला शोधण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

दुसरी विनंती अल्प खर्चाची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाच्या सभागृहात आठ दिवसांचा एक वर्ग चालवावा. आपल्या ज्ञातीत दुकानदार आहेत, बँकेतील नोकरदार आहेत, शेतकरी आहेत. एकाने बिल दाखवावे, एकाने कर्जाचा तक्ता उलगडावा, एकाने खताच्या पोत्यावरील १०:२६:२६ या आकड्यांवरून पन्नास किलोंच्या पोत्यात नत्र पाच किलो आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी तेरा किलो कसे, ते समजावून द्यावे. गृहिणींनीही यावे; घरातील खर्चाचा खरा हिशेब त्यांच्याच हाती असतो. चौकटींचा कागद आणि खडू घेऊन आम्ही त्या वर्गास विनावेतन हजर राहू.

मुलांनो, तुम्हांस एवढेच सांगणे. यापुढे कोणीही, मग तो दुकानदार असो, सावकार असो, वर्तमानपत्र असो की व्यासपीठावरील वक्ता असो, तुमच्यापुढे टक्क्यांचा आकडा ठेवील, तेव्हा नम्रपणे परंतु निःसंकोच विचारा, “कशाचे टक्के?” उत्तर मिळाले तर ज्ञान वाढेल, न मिळाले तर सावध व्हाल. दोन्हींत तुमचा लाभच आहे.